विसरण्याचा वेग

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात ज्यांची पंचवीस-तीस वर्षं प्रेसशॉपमध्ये, फोर्जिंगमध्ये किंवा फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेली, त्यांच्या तोंडी निवृत्तीच्या आसपास एक वाक्य येऊ लागतं : "ऐकू येतं, पण कळत नाही." घरच्यांना ती सबब वाटते. दाराची बेल कळते, कुकरची शिटी कळते, मग जेवताना चौघं बोलत असताना सुनेनं विचारलेलं तेवढंच कसं कळत नाही? कानाची तपासणी केली तर पुष्कळदा अहवाल येतो, 'वयाच्या मानाने ठीक'. मग विषय संपतो आणि माणूस हळूहळू चारचौघांत गप्प बसायला शिकतो.

या लेखात मला ते वाक्य शब्दशः खरं धरून पुढे जायचं आहे. ऐकू येणं आणि कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यातला फरक शोधत गेलं तर आपण चेतापेशीच्या अंगावरच्या काही नॅनोमीटर जाडीच्या पडद्यापाशी पोचतो.

मी जीवशास्त्राची पदवीधर नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीत मोजमापाची उपकरणं दुरुस्त करण्यात, त्यांचं कॅलिब्रेशन करण्यात नोकरी झाली. मेंदूविज्ञान वाचायला लागले ते चाळिशीनंतर, शब्दकोश शेजारी ठेवून. धीर आला तो एका आकृतीमुळे. पाठ्यपुस्तकात चेतापेशीच्या चित्राशेजारी एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर समांतर जोडून दाखवले होते. ते सर्किट मी हजारदा सोल्डर केलेलं होतं. पेशी अनोळखी होती, सर्किट घरचं होतं.

आवाजाचा पट्टा

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, मोटारी आणि दुचाक्यांचे मोठे कारखाने आले, त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो लहान वर्कशॉप आली. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. पुढे हीच वाढ नाशिक रस्त्याने चाकणपर्यंत पोचली. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी आणि मधे हा पत्र्याच्या शेडांचा प्रदेश.

या प्रदेशातला आवाज दोन जातींचा आहे. एक सतत चालणारा : कॉम्प्रेसर, ब्लोअर, ग्राइंडर यांचा. दुसरा ठोक्यांचा : पॉवर प्रेस, फोर्जिंग हॅमर, पत्र्यावर पडणारा पत्रा. बोली भाषेत दोन्हींना आपण 'आवाज' म्हणतो. कानाच्या दृष्टीने मात्र दोन्हींत मोठा फरक आहे. पहिला स्थिर आहे. दुसरा एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, व्हायच्या आत शून्यातून शिखरावर जातो. चेतापेशीला यांतलं किती आणि कसं कळेल, हे तिच्या पडद्याच्या गुणधर्मांवर ठरतं.

पडदा म्हणजे कपॅसिटर

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचा पातळ पडदा असतो. त्याच्या आत आणि बाहेर क्षारांचं पाणी. पाण्यातून वीज वाहते, स्निग्ध थरातून वाहत नाही. दोन वाहकांच्या मधे एक विद्युतरोधक, म्हणजे कपॅसिटर. हे केवळ साम्य नाही, ते मोजलं गेलं आहे. १९२५ साली ह्यूगो फ्रिक यांनी रक्तपेशींच्या मिश्रणातून वेगवेगळ्या वारंवारतेचे विद्युतप्रवाह पाठवले आणि पडद्याची धारिता काढली : दर चौरस सेंटिमीटरला ०.८१ मायक्रोफॅरड. त्यावरून त्यांनी पडद्याची जाडी ३.३ नॅनोमीटर असावी असा हिशेब मांडला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तेव्हा अस्तित्वातच नव्हता. नुसत्या कपॅसिटरच्या गणितातून पेशीच्या सालीची जाडी सापडली होती, आणि ती आजच्या आकड्याच्या जवळ आहे.

चेतापेशी शांत असताना तिच्या आतला भाग बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण पडदा ५ नॅनोमीटरचा धरला तर ते होतात दर मीटरला १ कोटी ४० लाख व्होल्ट. हवेत ठिणगी पडायला दर मीटरला ३० लाख व्होल्ट पुरतात. म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या ताणाच्या चौपटीहून अधिक ताण ही साल शांतपणे वागवत असते.

धारिता सगळ्या पेशींमध्ये जवळपास सारखीच, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ मायक्रोफॅरड. फरक पडतो तो गळतीत. पडद्यात प्रथिनांच्या नळ्या असतात, त्यांना आयन-मार्ग म्हणतात. सोडियम, पोटॅशियम यांचे विद्युतभारित कण त्यांतून ये-जा करतात. मार्ग कमी उघडे असतील तर रोध जास्त, पुष्कळ उघडे असतील तर रोध कमी. रोध आणि धारिता यांचा गुणाकार म्हणजे कालस्थिरांक. पेशीला बदल पचवायला आणि पचवलेला बदल विसरायला किती वेळ लागतो, ते हा आकडा सांगतो. पेशी लहान असो वा मोठी, आकार वाढला की धारिता जितकी वाढते तितकाच रोध घटतो, त्यामुळे गुणाकार तोच राहतो. वेग पेशीच्या आकारावर ठरत नाही, पडद्याच्या प्रतीवर ठरतो. फ्रान्सच्या लुई लापिक यांनी बेडकाच्या चेतातंतूंवर काम करताना १९०७ मध्येच चेतातंतू हा गळका कपॅसिटर आहे असं मानून गणित मांडलं होतं.

गळकी घागर

घागरीच्या उदाहरणाने हे सोपं होईल. नळाखाली घागर ठेवली आहे आणि तिच्या तळाला छिद्र आहे. छिद्र बारीक असेल तर पाणी साठत जातं. नळ मधे थोडा वेळ बंद झाला, पुन्हा सुरू झाला, तरी पातळीत फारसा फरक दिसत नाही. घागरीला मागचं सगळं आठवत असतं. छिद्र मोठं असेल तर पाणी फार चढतच नाही, आणि नळ बंद होताच पातळी खाली येते. दुसऱ्या घागरीकडे पाहून नळ नेमका केव्हा सुरू झाला आणि केव्हा बंद झाला हे सांगता येतं. पहिलीकडे पाहून एकूण किती पाणी आलं तेवढं सांगता येतं.

आता आकडे. मेंदूच्या बाह्यकातील बऱ्याच पेशींचा कालस्थिरांक १० ते ३० मिलिसेकंद असतो. मधला २० धरू. अशा पडद्याला गाळणी मानलं तर सेकंदाला सुमारे ८ आंदोलनांच्या पुढचे बदल तो बोथट करत जातो. कालस्थिरांक ०.२ मिलिसेकंद असेल तर हीच मर्यादा सुमारे ८०० आंदोलनांवर जाते. किंवा असं पाहा : १ मिलिसेकंद टिकणारा विद्युतप्रवाहाचा ठोका दिला, तर पहिली पेशी तिच्या अंतिम पातळीच्या जेमतेम ५ टक्के चढते. दुसरी ९९ टक्के चढून मोकळी होते.

इथे एक बारकावा आहे आणि तो लक्षात यायला मला बराच काळ लागला. प्रवाह तोच आणि धारिता तीच असेल, तर पहिल्या क्षणी दोन्ही पेशींचा व्होल्टेज सारख्याच वेगाने चढू लागतो. गळकी पेशी जास्त वेगाने चढत नाही. ती लवकर थांबते आणि लवकर उतरते, एवढंच. तिचा वेग हा विसरण्याचा वेग आहे. पुढचा ठोका यायच्या आत मागचा पुसून टाकता येतो, म्हणून तिला दोन ठोके दोन म्हणून दिसतात.

याची किंमतही तिथेच मोजावी लागते. गळक्या पेशीचा व्होल्टेज कमी चढतो, म्हणून तिला उद्दीपित करायला प्रवाह फार मोठा लागतो. शिवाय गळून गेलेले कण पंपांनी पुन्हा जागच्या जागी आणावे लागतात. दर फेरीला तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, आणि त्यासाठी एटीपीचा एक रेणू खर्च. १९७७ मध्ये लुई सोकोलॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूचा कोणता भाग किती ग्लुकोज वापरतो हे मोजलं, तेव्हा श्रवणमार्गावरचं मध्यमेंदूतलं एक केंद्र सर्वांत वर निघालं. ऐकणं हे मेंदूच्या सर्वांत खर्चिक कामांपैकी एक आहे.

घाईच्या पेशी

इतक्या घाईची गरज कानालाच का पडावी? आवाज उजवीकडून आला तर तो डाव्या कानात किंचित उशिरा पोचतो. माणसाच्या डोक्याच्या रुंदीमुळे हा उशीर जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद होतो. त्यातला १० मायक्रोसेकंदांइतका फरकही निरोगी माणसाला ओळखता येतो. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहालाखावा भाग. दोन कानांकडून आलेले संदेश एकाच क्षणी पोचले की पेटतील अशा पेशी मेंदूत असाव्यात, ही कल्पना लॉइड जेफ्रेस यांनी १९४८ मध्ये मांडली. पण २० मिलिसेकंद आठवण ठेवणाऱ्या पेशीला 'एकाच क्षणी' याचा अर्थच कळणार नाही.

घाईच्या पेशी खरोखर आहेत. कानातून निघालेली चेता मेंदूच्या बुंध्यात जिथे पहिल्यांदा पोचते, तिथे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डोनाटा अर्टेल यांनी १९८३ पासून उंदराच्या मेंदूच्या जिवंत कापांवर या पेशींचे विद्युत गुणधर्म मोजले. त्यांतल्या 'ऑक्टोपस' नावाच्या पेशींचा कालस्थिरांक ०.२ मिलिसेकंदाच्या आसपास भरतो. एवढ्या गळक्या पेशीला हलवायला निसर्गाने गर्दीचा उपाय केला आहे : उंदरात एका ऑक्टोपस पेशीवर किमान साठ श्रवणतंतू येऊन मिळतात. शेजारच्या दुसऱ्या जातीच्या पेशींना तंतूंचं अवाढव्य टोक मुठीसारखं पकडून बसतं. ही टोकं हान्स हेल्ड यांनी १८९३ मध्येच पाहून ठेवली होती.

या पेशींचा पडदा विश्रांतीतही गळका ठेवणारे आयन-मार्ग दोन प्रकारचे आहेत. त्यांतला एक पोटॅशियमचा, ज्याचा शोध माश्यांमुळे लागला. ईथरने बेशुद्ध केल्यावर ज्यांचे पाय थरथरतात अशा फळमाश्यांचा एक वाण होता, त्याला नाव पडलं 'शेकर'. १९८७ मध्ये त्या थरथरीमागचा जीन वेगळा काढला गेला, आणि तो पोटॅशियम-मार्गाचा निघाला. आपल्या कानाच्या वाटेवरचे हे मार्ग त्याच कुळातले आहेत. माशीचं वर्तन बिघडलं तर बिघाड पडद्यात शोधायचा, या विचाराला महाराष्ट्रातही जुनी परंपरा आहे. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तिथे रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. १९७६ मध्ये सीमूर बेन्झर यांच्यासह त्यांनी तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या चेतासंस्थेतले दोष प्रसिद्ध केले. तापमान उतरलं की या माश्या पुन्हा चालू लागत.

हळू चढणाऱ्याला दार बंद

आता मुख्य गोष्ट. हे पोटॅशियम-मार्ग नुसते गळत नाहीत. व्होल्टेज जरा चढू लागला की ते आणखी उघडतात आणि चढणारा व्होल्टेज खाली ओढतात. मात्र उघडायला त्यांना थोडा वेळ लागतो, मिलिसेकंदाच्या आसपास. यातून विलक्षण परिणाम होतो. उद्दीपन झटक्यात आलं तर मार्ग पुरते उघडायच्या आत व्होल्टेज उंबरठा ओलांडतो आणि पेशी एक संदेश पाठवते. तेच उद्दीपन, तेवढ्याच अंतिम उंचीचं, पण सावकाश चढत आलं तर मार्गांना उघडायला अवधी मिळतो आणि पेशी गप्प राहते. ग्रीन मांबा सापाच्या विषातल्या एका प्रथिनाने हे मार्ग बंद करता येतात. ते टाकलं की हीच पेशी सावकाश चढणाऱ्या उद्दीपनालाही उत्तरं देऊ लागते, आणि एकाऐवजी अनेक. म्हणजे निवड करणारे ते मार्गच होते.

म्हणून या पेशीला 'किती' असा प्रश्न विचारून उपयोग नाही. ती 'किती झपाट्याने' याचं उत्तर देते. आमच्या भाषेत सांगायचं तर बाह्यकातली पेशी इंटिग्रेटर आहे आणि ही डिफरन्शिएटर. पहिली बेरीज करते, दुसरी बदल पकडते.

पडदा कायमचा एकसारखा राहतो असंही नाही. श्रवणमार्गावरच्या पेशींत दुसऱ्या एका पोटॅशियम-मार्गाच्या प्रथिनावरचे रासायनिक टिळे आजूबाजूच्या आवाजाप्रमाणे मिनिटांत बदलतात, हे उंदरांत दिसलं आहे. शांततेतला पडदा आणि गोंगाटातला पडदा वेगळ्या जुळणीने काम करतात.

टाळ आणि बोली

याचा रोजच्या ऐकण्याशी संबंध पाहू. देहू-आळंदीच्या मधल्या या भागात कामगार वस्त्यांची भजनी मंडळं पुष्कळ आहेत. वीस जण टाळ वाजवत असताना एकाचा टाळ मागे पडला की शेजारच्याला ते लगेच खटकतं. निरोगी कानाला आवाजातली दोन-तीन मिलिसेकंदांची फट कळते. दोन वेगळ्या आवाजांत आधी कोणता आला हे सांगायला मात्र सुमारे २० मिलिसेकंद लागतात. 'काहीतरी चुकलं' हे आधी कळतं, 'कोण चुकलं' हे नंतर.

बोलण्यातही हेच. 'पळ' आणि 'फळ', 'तर' आणि 'थर', 'कडू' आणि 'खडू' यांत फरक कशाचा? ओठ किंवा जीभ सुटल्यापासून गळ्याचा नाद सुरू होईपर्यंत किती वेळ गेला, याचा. महाप्राण व्यंजनात मधे श्वासाचा झोत येतो आणि नाद काही दहा मिलिसेकंद उशिरा सुरू होतो. मराठीत अशा जोड्या वर्णमालेभर पसरलेल्या आहेत. शांत खोलीत हा फरक कळायला फार काटेकोर कान लागत नाही. पण जेवणाच्या पंगतीत, लग्नाच्या मांडवात, चार आवाजांतून एक आवाज वेगळा काढायचा असतो. त्यासाठी मेंदू दोन खुणांचा आधार घेतो. पहिली दिशेची, म्हणजे वर सांगितलेल्या मायक्रोसेकंदांची. दुसरी स्वरयंत्राच्या कंपनांची : पुरुषाच्या गळ्याचा पडदा सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा मिटतो-उघडतो, आणि प्रत्येक वेळी एक बारीक ठोका निघतो. घाईच्या पेशी हे ठोके एकेक करून टिपतात. एकाच लयीत येणारे ठोके एकाच माणसाचे. ही लय निसटली की आवाज कानावर पडतात, पण कोणाचे कोणते हे लागत नाही. 'ऐकू येतं, पण कळत नाही' याचं यापेक्षा चांगलं वर्णन मला सापडलेलं नाही.

तंतू गळतात तेव्हा

कानाच्या शंखाकृती भागात, कॉक्लियात, मेंदूला संदेश देणाऱ्या केशपेशी एका बाजूला सुमारे साडेतीन हजार, आणि त्यांना जोडलेले चेतातंतू सुमारे तीस हजार. केशपेशी मेली की ऐकण्याचा उंबरठाच वर सरकतो. आवाजाने होणारं हे नुकसान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास दिसतं. श्रवणालेखात तिथे खाच पडते आणि ती कोणत्याही तपासणीत सापडते.

२००९ मध्ये बॉस्टनच्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी दुसरं नुकसान दाखवलं. उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. ऐकण्याचा उंबरठा तेवढ्यापुरता वर गेला आणि दोन आठवड्यांत पूर्ववत झाला. केशपेशी शाबूत होत्या. पण उच्च वारंवारतेच्या भागात केशपेशी आणि चेतातंतू यांच्यातले निम्म्याच्या आसपास सांधे नाहीसे झाले होते, आणि ते परत आले नाहीत. पुढच्या प्रयोगांत दिसलं की मोठ्या आवाजात उत्तर देणारे, म्हणजे गोंगाटात उपयोगी पडणारे तंतू आधी जातात. माणसात मृत्यूनंतर तपासलेल्या कानांत वयानुसार तंतू कमी झालेले स्पष्ट दिसतात. जिवंत माणसात हे नुकसान किती आणि कोणत्या चाचणीने मोजायचं यावर मात्र तज्ज्ञांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

इथून पुढची पायरी माझ्या तर्काची आहे, वाचकांनी ती तपासून पाहावी. ऑक्टोपस पेशीला पेटायला साठांपैकी बऱ्याच तंतूंचा एकदम धक्का लागतो. तंतू निम्मे झाले तर धक्का निम्मा होतो. उरलेल्यांची वेळ थोडी विस्कटली तर तो पसरतोही. म्हणजे व्होल्टेज कमी चढतो आणि हळू चढतो. हळू चढणाऱ्याला या पेशीचं दार बंद असतं, हे आपण पाहिलं. म्हणून अशा पेशीत नुकसान हप्त्याहप्त्याने न दिसता एका पातळीनंतर एकदम दिसायला हवं. उलट शांत खोलीत एखादा स्वर 'आला की नाही' एवढंच सांगायला थोडे तंतू पुरतात, आणि बेरीज करणाऱ्या पेशी सावकाश बेरीज करून ते सांगू शकतात. जो पडदा निरोगी माणसाला पंगतीत बोलणं कळू देतो, त्याच पडद्यामुळे तंतू गळालेला माणूस पंगतीत जास्त हरतो.

मीटरचाही एक कालस्थिरांक

माझ्या धंद्यातली एक गोष्ट इथे सांगणं भाग आहे. आवाज मोजणाऱ्या मीटरलाही कालस्थिरांक असतो. 'फास्ट'वर १२५ मिलिसेकंद, 'स्लो'वर १ सेकंद. प्रेसचा १० मिलिसेकंद टिकणारा एक ठोका 'स्लो'वर लावलेल्या मीटरला प्रत्यक्षापेक्षा सुमारे २० डेसिबल कमी दिसतो, 'फास्ट'वर सुमारे ११ डेसिबल कमी. ठोका ११० डेसिबलचा असेल तर काटा ९० च्या आसपास जाऊन परत येईल. मीटर खोटं बोलत नाही, ते त्याच्या घागरीतली पातळी सांगतं. शिखर पाहायचं असेल तर शिखर धरून ठेवणारं वेगळं सर्किट लागतं.

आपल्याकडच्या कारखाना-नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि दर ५ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलमध्ये दोन तास चालतात. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची १९९८ ची शिफारस ८५ डेसिबल आणि दर ३ डेसिबलला निम्मा वेळ अशी आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबलमध्ये पंधरा मिनिटं. ठोक्यांच्या शिखरासाठी १४० डेसिबलची वेगळी मर्यादा आहे, पण ती पाहायला योग्य मीटर योग्य बटणावर असावं लागतं. कानाची स्वतःची ढालही इथे उशिरा पोचते. मोठ्या आवाजाला मध्यकर्णातला एक स्नायू आकसतो, परंतु त्याचा परिणाम व्हायला काही दहा मिलिसेकंद जातात. तोवर ठोका आत गेलेला असतो. या दिवाळीत फटाका वाजेल तेव्हाही हेच होईल.

आता तपासणी. श्रवणालेख काढताना शांत खोलीत २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे शुद्ध स्वर ऐकवतात, प्रत्येक स्वर एक-दोन सेकंद. हा प्रश्न 'किती' या जातीचा आहे. तो बेरीज करणाऱ्या पेशींना विचारला जातो आणि त्या उत्तर देतात. बदल पकडणाऱ्या पेशींना कोणी काही विचारतच नाही. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त प्रेस ऑपरेटरना अशाच अहवालावर "तुम्हाला काही झालेलं नाही" असं सांगण्यात आलं. तो अहवाल त्याच्यापुरता बरोबर होता. त्यांची तक्रारही बरोबर होती. दोन्ही वेगवेगळ्या पेशींबद्दल बोलत होते.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने आवाजामुळे येणारं श्रवणदोष हा शासनाला कळवण्याजोगा व्यवसायजन्य आजार मानला. तो कळवला जाण्यासाठी आधी तो दिसायला हवा, आणि तो दिसतो की नाही हे चाचणीच्या कालस्थिरांकावर ठरतं. साधनं नाहीत असं नाही. नवजात बाळांची करतात ती 'बेरा' चाचणी टिचकीसारखे आवाज ऐकवून पहिल्या १० मिलिसेकंदांतल्या मेंदूच्या लहरी टिपते. ती जलद प्रश्न विचारते, पण तिच्या लहरींची उंची माणसागणिक बरीच बदलते. म्हणून ती एकदाच न करता नोकरीला लागताना आणि पुढे ठरावीक वर्षांनी करून त्याच माणसाच्या जुन्या नोंदीशी ताडायला हवी. दुसरी चाचणी याहून स्वस्त आहे : मागे गोंगाट लावून मराठी शब्द ऐकवायचे, 'तर' की 'थर', 'कडू' की 'खडू', आणि किती ओळखले ते मोजायचं. वार्षिक तपासणीच्या गाडीत श्रवणालेखाबरोबर हे दहा मिनिटांत होऊ शकतं.

तोपर्यंत घरच्यांना करण्याजोगी गोष्ट साधी आहे. वरच्या पट्टीत ओरडू नये. ओरडण्याने 'किती' वाढतं, आणि तिथे कमतरता नव्हतीच. टीव्ही बंद करावा, समोर बसावं, एका वेळी एकानेच बोलावं, आणि दोन शब्दांमधे थोडी जागा सोडावी.